नवा राउटर आणि जुना लॅपटॉप: ग्वाल्हेरच्या एका वाड्यातील वाय-फायचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ग्वाल्हेरच्या लश्कर भागात पौरोहित्य करणाऱ्या एका गुरुजींच्या घरचे आहे. ओळख पटू नये म्हणून नाव, गल्ली आणि यंत्रे बनवणाऱ्या कंपन्या सांगितलेल्या नाहीत. घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे.

गुरुजींकडे २००८ च्या सुमाराचा एक लॅपटॉप आहे. अमेरिकेत नोकरीला असलेल्या पुतण्याने तो स्वतः काही काळ वापरला आणि एका सुटीत काकांना आणून दिला. पुढे त्यावर विंडोज ७ ची ३२ बिटची आवृत्ती घालण्यात आली. त्याची मूळ बॅटरी केव्हाच निकामी झाल्याने तो कायम विजेवरच चालतो आणि लाइट गेली की त्याच क्षणी बंद पडतो. त्यावर मुख्यतः एकच काम होते, ते म्हणजे जन्मपत्रिका तयार करणे आणि स्थळे जुळवताना गुणमेलन पाहणे. त्यासाठीचा प्रोग्रॅम ज्यांनी विकला त्यांचा व्यवसाय आता बंद झाला आहे. यूएसबीमध्ये लावायची एक छोटी किल्ली असल्याशिवाय तो उघडत नाही, आणि त्या किल्लीचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ती किल्ली वापरता यावी यासाठीचे छोटे सॉफ्टवेअर, फक्त ३२ बिटचा आहे. नव्या लॅपटॉपवर येणारी ६४ बिटची विंडोज असा ड्रायव्हर चालवूच शकत नाही. त्यामुळे ‘जुने काढून टाका, नवा लॅपटॉप घ्या’ हा सल्ला जो तो देत असला तरी तो जितका सोपा वाटतो तितका नव्हता.

पूर्वी पत्रिका छापून हातात दिली की काम संपत असे. आता यजमानांना ती फोनवर हवी असते, म्हणून गुरुजी पत्रिकेची पीडीएफ करून ईमेलने पाठवतात. तांब्याच्या तारेवरचे जुने इंटरनेट होते तोवर हे सुरळीत चालले होते. ते काढून फायबरची जोडणी घेतली, तिच्यासोबत कंपनीचा नवा राउटर आला आणि त्याच दिवशी लॅपटॉपचे वाय-फाय बंद पडले. राउटर ओसरीलगतच्या बैठकीत बसवला होता आणि लॅपटॉप माजघरामागे, देवघराशेजारच्या खोलीत होता. मध्ये वालुकाश्माच्या दोन जाड भिंती होत्या.

अडचण

तक्रार ऐकायला साधी होती. घरातले सगळे फोन नव्या वाय-फायवर उत्तम चालत होते, लॅपटॉप मात्र जोडला जात नव्हता. पण ‘जोडला जात नाही’ या शब्दांत दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या होत्या. काही दिवस लॅपटॉपच्या यादीत घरच्या वाय-फायचे नावच दिसत नसे, शेजाऱ्यांची नावे तेवढी दिसत. काही दिवस नाव दिसे, पासवर्ड घेतला जाई आणि थोडा वेळ गोल फिरून जोडणी होऊ शकत नसल्याची सूचना येई. कधी काय होईल याला ताळमेळ नव्हता.

माझ्याकडे हे काम येण्याआधी दोघांनी प्रयत्न केले होते. इंटरनेट कंपनीच्या माणसाने राउटर बंद करून पुन्हा सुरू केला, लॅपटॉपवर नाव दिसू लागलेले पाहून राउटर ठीक असल्याचे सांगितले आणि फारच अडचण असेल तर पासवर्ड काढून टाका, म्हणजे काहीही जोडले जाईल, असे सुचवले. ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याने वाय-फायचा ड्रायव्हर पुन्हा घातला, त्यासाठी राउटरही बंद-चालू केला, आणि शेवटी विंडोजच खराब झाली असून लॅपटॉप फॉरमॅट करावा लागेल, म्हणजे सगळे पुसून विंडोज नव्याने घालावी लागेल, असा निष्कर्ष काढला. गुरुजी त्याला तयार झाले नाहीत. “अहो, फोनवर सगळं येतंय, शेजारच्यांची नावंही ह्यात दिसतायत, मग आमचंच का नाही?” हा त्यांचा प्रश्न रास्त होता आणि फॉरमॅटच्या सल्ल्यात त्याचे उत्तर नव्हते.

निर्णयाचा पहिला टप्पा: आधी हात कशाला लावायचा नाही

फॉरमॅट करायचे नाही हे सर्वांत आधी ठरले. प्रोग्रॅमची सीडी घरात सापडत होती, परंतु तो पुन्हा घातल्यावर परवाना मान्य होईल की नाही हे सांगायला विक्रेताच उरलेला नव्हता. म्हणून कुठलीही तपासणी करण्यापूर्वी पत्रिकांचा सगळा साठा दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला. यात बराच वेळ गेला आणि वाय-फायच्या दृष्टीने काहीच घडले नाही, तरीही जुन्या यंत्रावर काम करताना या पायरीला फाटा देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

निदान

पहिली चाचणी फोनच्या हॉटस्पॉटची केली. काकूंच्या फोनवर, वाय-फायच्या दोन नेहमीच्या पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, हॉटस्पॉट सुरू केला, त्याला साधी डब्ल्यूपीए२ ही पासवर्डची सुरक्षा ठेवली आणि लॅपटॉप त्याला जोडून पाहिला. तो पहिल्या फटक्यात जोडला गेला. कार्ड, अँटेना, ड्रायव्हर आणि विंडोज या चारही गोष्टी कामापुरत्या शाबूत आहेत हे एवढ्यावरून सिद्ध झाले. ही चाचणी सुरुवातीलाच झाली असती तर फॉरमॅटचा विषय निघालाच नसता.

यानंतर लॅपटॉपला काय झेपते ते त्याच्याकडूनच काढून घेतले. विंडोज ७ च्या कमांड प्रॉम्प्टवर ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स’ ही आज्ञा दिली की वाय-फाय कार्डाची कुंडलीच समोर येते. हे कार्ड वाय-फायची ८०२.११ बी आणि जी एवढीच मानके जाणणारे निघाले. ‘बी’ हे १९९९ चे आणि ‘जी’ हे २००३ चे मानक असून दोन्ही फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे ५ गिगाहर्ट्झचा पट्टा या लॅपटॉपच्या लेखी अस्तित्वातच नव्हता. नव्या राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिले होते. त्यामुळे फोनवर ते नाव भरभक्कम सिग्नलसह दिसले तरी फोन ज्या पट्ट्यावर आहे तो लॅपटॉपला दिसतो असे समजण्याचे कारण नव्हते.

मात्र राउटरचा २.४ चा पट्टाही चालू होता. मग नाव कधी दिसते आणि कधी दिसत नाही, असे का? याचा धागा काकूंच्या एका वाक्यात मिळाला. चहा ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, “लाइट जाऊन आली की कधी कधी ते नाव येतं बघा, आणि मग पुढच्या वेळेला लाइट गेली की परत जातं.” आधीच्या दोघांनी हे बोलणे ऐकले असेल तर बहुधा विजेच्या चढउताराने राउटर बिघडला असा अर्थ लावला असावा. प्रत्यक्षात लाइट गेली की राउटरही बंद पडत होता, कारण तो इन्व्हर्टरवर नव्हता, आणि पुन्हा सुरू होताना तो आजूबाजूची गर्दी पाहून स्वतःसाठी नवा चॅनेल, म्हणजे पट्ट्यातला क्रमांक दिलेला एक भाग, निवडत होता. फोनवरील वाय-फाय तपासण्याच्या ॲपमध्ये पाहिले तेव्हा तो १३ व्या चॅनेलवर होता आणि लॅपटॉपवर नाव दिसत नव्हते. राउटर बंद करून पुन्हा सुरू केला, तो ४ थ्या चॅनेलवर आला आणि लॅपटॉपवर नाव लगेच झळकले.

भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १ ते १३ हे चॅनेल वापरले जातात. अमेरिकेत ते सर्वसाधारणपणे १ ते ११ असतात आणि त्या बाजारपेठेसाठी बनलेली अनेक जुनी कार्डे १२ व १३ कडे ढुंकूनही पाहत नाहीत. लॅपटॉप अमेरिकेतून आलेला आहे ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत होती, पण वाय-फायशी तिचा संबंध असेल असे वाटण्याचे कोणालाच कारण नव्हते. जुना राउटर योगायोगाने एकाच खालच्या चॅनेलवर कायम ठेवलेला असल्याने इतकी वर्षे हा प्रश्न उद्भवलाच नव्हता.

यातून आधीच्या दोन्ही प्रयत्नांचाही उलगडा झाला. दोघांनीही राउटर बंद-चालू केला होता. त्यामुळे चॅनेल बदलून लक्षण बदलले, आणि आपल्या उपायाचा निम्मा तरी गुण आला असे प्रत्येकाला वाटले.

आता दुसरा भाग उरला होता. नाव दिसत असतानाही जोडणी का होत नव्हती? राउटरच्या सेटिंगच्या पानावर सुरक्षेचा प्रकार ‘डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र’ असा होता. मिश्र प्रकारात जुनी उपकरणे डब्ल्यूपीए२ ने आत यायला हवीत. पण त्याच पानावर खाली, सहसा कोणी उघडत नाही अशा प्रगत भागात, व्यवस्थापन फ्रेमच्या, म्हणजे जोडणी जुळवण्या-तोडण्याच्या संदेशांच्या, संरक्षणाची एक नोंद होती आणि ती ‘ऐच्छिक’ऐवजी ‘अनिवार्य’ केलेली होती. हे संरक्षण ८०२.११ डब्ल्यू या २००९ च्या मानकातले आहे. ते नसेल तर एखाद्याला खोटा संदेश पाठवून दुसऱ्याचे उपकरण वाय-फायवरून तोडता येते, म्हणून डब्ल्यूपीए३ मध्ये ते सक्तीचे आहे. विंडोजमध्ये त्याची सोय विंडोज ८ पासून आली. विंडोज ८ किंवा त्यापुढच्या यंत्रावर वर सांगितलेली आज्ञा दिली की अहवालात या संरक्षणाची स्वतंत्र ओळ दिसते. विंडोज ७ च्या अहवालात ती ओळच नसते. म्हणजे पासवर्ड बरोबर असूनही राउटर या लॅपटॉपला नियमानेच दाराबाहेर ठेवत होता.

थोडक्यात, नाव न दिसण्याचे कारण कार्डात होते आणि नाव दिसूनही न जोडण्याचे कारण विंडोजच्या वयात होते. ही दोन कारणे लाइटच्या वेळापत्रकाप्रमाणे आलटून पालटून समोर येत असल्याने एकच विचित्र बिघाड असल्याचा भास होत होता.

पर्यायांचा विचार

पासवर्ड काढून टाकण्याचा पर्याय चर्चेलाही घेतला नाही. दाट वस्तीत उघडे वाय-फाय म्हणजे गल्लीतल्या कोणालाही आपल्या नावावर इंटरनेट वापरू देणे होय. शिवाय सक्तीच्या संरक्षणाचा प्रश्न त्याने सुटला असता तरी चॅनेलचा सुटला नसता.

यूएसबीचे नवे वाय-फाय ॲडॉप्टर घेण्याचा मार्ग पुतण्याने फोनवरून सुचवला होता, आणि वरवर पाहता तोच सर्वांत सरळ होता. पाच-सातशे रुपयांत ते लश्करातल्या बाडा या चौकाजवळच्या दुकानात मिळाले असते, १३ वा चॅनेलही दिसला असता. तरी ते घेतले नाही, कारण फ्रेमच्या संरक्षणाची मर्यादा कार्डाची नसून विंडोज ७ ची होती. ॲडॉप्टर बदलून विंडोज बदलत नाही. त्यात नव्या ॲडॉप्टरांचे ड्रायव्हर विंडोज ७ साठी मिळणे दुर्मीळ होत चालले आहे. जे मिळतात त्यांच्या डिजिटल सह्या मान्य होण्यासाठी २०१९ मध्ये आलेले मायक्रोसॉफ्टचे एक अद्यतन आधी घालावे लागते, आणि ते या लॅपटॉपवर नव्हते. पैसे थोडे गेले असते, पण पुन्हा एक अर्धवट उपाय पदरात पडला असता.

केबलचा पर्याय तांत्रिकदृष्ट्या सर्वांत भक्कम होता. लॅपटॉपमध्ये केबलचे पोर्ट सुस्थितीत होते, आणि केबलला ना चॅनेल लागतो ना पासवर्ड. अडचण वाड्याची होती. दगडी भिंतीला भोक पाडायला गुरुजींचा विरोध होता, आणि चौकाच्या कडेने केबल फिरवायची तर उंदरांचा बंदोबस्त करून ती नळीतून न्यावी लागली असती. हा पर्याय फेटाळला नाही, राखून ठेवला. मध्यंतरी राउटरजवळ लॅपटॉप नेऊन छोट्या केबलने काम करता येते हे गुरुजींना करून दाखवले, त्यामुळे लग्नसराईची कामे अडली नाहीत आणि उरलेला विचार घाई न करता करता आला.

मुख्य वाय-फायचीच सुरक्षा खाली आणायची, की लॅपटॉपसाठी वेगळी सोय करायची, हा खरा निर्णय होता. ‘अनिवार्य’चे ‘ऐच्छिक’ केले असते तर एका क्लिकमध्ये काम झाले असते आणि कित्येक घरांत ते पुरेसे ठरेल. तरीही एका जुन्या यंत्रासाठी घरातल्या सगळ्या फोनांचे नियम सैल करणे मला पटले नाही. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सुरक्षा अद्यतने १४ जानेवारी २०२० रोजी थांबली आहेत. असे यंत्र घरच्या बाकी उपकरणांपासून दूर ठेवलेलेच बरे. राउटरमध्ये पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायची सोय होती, आणि तिच्यासाठी सुरक्षेचे नियम निराळे ठेवता येत होते.

केलेली कार्यवाही

पाहुण्यांचे वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर सुरू केले. सुरक्षा डब्ल्यूपीए२, सांकेतिकीकरण एईएस, फ्रेमचे संरक्षण बंद आणि पासवर्ड मुख्य वाय-फायपेक्षा वेगळा. या वाय-फायवरील उपकरणाला घरातील इतर उपकरणे दिसू नयेत हा पर्याय चालू ठेवला. प्रिंटर लॅपटॉपला तारेनेच जोडलेला असल्याने त्याचा काही तोटा झाला नाही. वाय-फायवरचा प्रिंटर असता तर येथे नवा पेच पडला असता.

चॅनेलचा ‘ऑटो’ काढून तो कायमचा ठरवला. आसपासची वाय-फाये १ आणि ६ वर दाटीवाटीने होती, म्हणून ११ घेतला, आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली. नाव लॅपटॉपवर दिसले, पासवर्ड टाकला आणि जोडणी झाली. मागच्या खोलीत सिग्नल मधल्या दोन रेघांपुरताच होता. राउटर बैठकीच्या कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटामागून काढून माजघराच्या दाराच्या रेषेत उंचावर ठेवला तेव्हा तो सुधारला. पत्रिकेची पीडीएफ काही शे किलोबाइटची असते. ‘जी’ मानकाचा कागदोपत्री वेग ५४ मेगाबिट असून प्रत्यक्षात त्याच्या निम्माही मिळत नाही, पण एवढ्या कामाला तो भरपूर आहे.

अनपेक्षित दुसरी अडचण

जोडणी झाली, पण ईमेलचे पान उघडेना. प्रत्येक ठिकाणी संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्रात दोष असल्याचा इशारा येत होता. वाय-फायचा येथे काही संबंध नव्हता. लॅपटॉपच्या घड्याळात १ जानेवारी २००८ ही तारीख होती. प्रमाणपत्र ज्या तारखेपासून वैध आहे त्याच्या कित्येक वर्षे आधीचे ‘आज’ लॅपटॉप सांगत असल्यावर ब्राउझरने ते नाकारणे योग्यच होते.

गुरुजींना ही तारीख माहीत होती. पत्रिकेचा प्रोग्रॅम उघडला की आजचे पंचांग म्हणून २००८ चे पान येई आणि ते दर वेळी हाताने तारीख बदलून पुढे जात. “तिथी तर मला ठाऊकच असते, त्याला कशाला विचारू?” असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यांच्या कामापुरते ते खरेही होते. मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य पाटीला, जोडलेला नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल संपला होता, मोठी बॅटरी आधीच गेलेली होती, त्यामुळे लाइट गेली की घड्याळाला आधार देणारे काहीच उरत नव्हते. जुन्या जोडणीच्या काळात ईमेल चालत होता, म्हणजे सेल त्यानंतरच्या काळात केव्हातरी संपला असावा.

सेल या लॅपटॉपमध्ये मेमरीच्या झाकणाखाली, तारेच्या टोकाशी प्लॅस्टिकच्या वेष्टनात होता. तो बदलून घड्याळ लावले. ब्राउझर म्हणून फायरफॉक्सची ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती घातली, कारण ती विंडोज ७ वर चालते आणि विश्वासार्ह प्रमाणपत्रांची यादी विंडोजवर विसंबून न राहता स्वतःजवळ बाळगते. त्यानंतर ईमेल उघडला आणि प्रलंबित पत्रिका रवाना झाल्या. बँकेचे किंवा पैशांचे कोणतेही काम या लॅपटॉपवर करायचे नाही हे गुरुजींनी मान्य केले.

परिणाम आणि पुढचा धक्का

काही आठवडे सर्व सुरळीत चालले आणि एके दिवशी नाव पुन्हा नाहीसे झाले. कंपनीने राउटरचे सॉफ्टवेअर दुरून अद्ययावत केले होते आणि त्यात चॅनेल परत ‘ऑटो’वर गेला होता. या वेळी कारण शोधावे लागले नाही. पहिल्या दुरुस्तीनंतर सगळी सेटिंग कागदावर लिहून तो कागद प्रोग्रॅमच्या सीडीच्या डबीत ठेवला होता. काकूंनी तो पुढे करून पुतणीला फोन लावला आणि तिने राउटरच्या पानावर ११ हा आकडा पुन्हा भरला. राउटरही इन्व्हर्टरवर घेतला आहे, त्यामुळे निदान लाइटमुळे होणारी त्याची उलथापालथ थांबली.

काय वेगळे करता आले असते

हॉटस्पॉटची चाचणी सर्वांत आधी व्हायला हवी होती. तिला खर्च नाही, तिच्यामुळे काही बिघडत नाही आणि दोष लॅपटॉपच्या बाजूला शोधायचा की राउटरच्या, हे तिने पाच मिनिटांत कळते. दुसरे म्हणजे नवा राउटर बसवतानाच जुन्या राउटरचा चॅनेल, सुरक्षेचा प्रकार आणि नाव टिपून ठेवले असते तर फरक कशात पडला हे समोरासमोर ठेवून पाहता आले असते. जुना राउटर परत गेल्यावर ती संधी हुकली.

केबल पहिल्याच वेळी टाकायला हवी होती का, यावर अजूनही मतभेद आहेत. पुतण्याचे म्हणणे असे की ज्या यंत्राला दर काही महिन्यांनी राउटरच्या लहरीप्रमाणे सांभाळावे लागते त्याला तार देऊन मोकळे व्हावे. सॉफ्टवेअरच्या अद्यतनाचा अनुभव पाहता त्यात तथ्य आहे. पावसाळ्यापूर्वी चौकाच्या वळचणीने नळी टाकण्याचा अंदाज गवंड्याकडून मागवला आहे.

वाय-फाय सुटले तरी मूळ प्रश्न पत्रिकेच्या प्रोग्रॅमचा आहे आणि तो या लॅपटॉपच्या आयुष्याशी बांधलेला आहे. पुतणीच्या नव्या संगणकात आभासी यंत्र, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणकातला संगणक, तयार करून त्यात ३२ बिटची विंडोज ७ घातली आणि यूएसबीची किल्ली त्या यंत्राकडे सोपवून पाहिली, तेव्हा किल्ली ओळखली गेली व प्रोग्रॅमही उघडला. पत्रिकेची पीडीएफ मात्र तेथे अजून नीट निघत नाही, कारण जुन्या मराठी फॉन्टची एक फाइल जुन्या लॅपटॉपवरच राहिली आहे आणि ती नेमकी कोणती, हे शोधायचे काम सध्या सुरू आहे.